सिंहीण पाहून झाली, आता समुद्र

काही सहली घरी परतल्यावरच खऱ्या सुरू होतात. आमची टांझानियाची तशीच! सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात दुपारी जेवायला बसलो की मिलिंद गायकवाड ट्रे ठेवता ठेवता म्हणतो, "त्या जीपमध्ये ना..." आणि टेबलावरचे बाकीचे लोक आपापल्या नूडल्समध्ये तोंड खुपसतात. त्यांचं सगळं ऐकून झालंय. तुमचं नाही झालं, म्हणून सांगते.

आम्ही सहा जण होतो. मी आणि माझा नवरा सतीश. माझ्याच टीममधला मिलिंद, त्याची बायको वैशाली, त्यांची नऊ वर्षांची इरा आणि नागपूरहून त्यांच्याकडे राहायला आलेली मिलिंदची आई. तिला आम्ही सगळेच आई म्हणतो.

*

बेत ठरला तो सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगला, मिलिंदच्या फ्लॅटवर. आधी जंगल, आणि शेवटी झांझिबारला समुद्रकिनारी नुसता आराम. सतीशला काही ते पटेना.

"अरे, आपण बेटावरच राहतो. आराम करायला आणखी एक बेट कशाला?"

वैशाली म्हणाली, "या बेटावर तुला कधी कोणी आराम करताना दिसलंय?"

बुकिंग त्याच संध्याकाळी झालं.

*

पहिला सिंह दिसला तेव्हा आम्ही श्वास रोखून बसलो. तो झाडाखाली चारी पाय वर करून पडलेला. बराच वेळ गेला, पठ्ठ्या शेपटीसुद्धा हलवेना.

इरा वैतागली. "सो लेझी! सिंगापूर झू वन बेटर, लाह! दॅट वन ॲट लीस्ट वॉक!"

आमचा ड्रायव्हर जोसेफ मागे वळला. बहुतेक त्याला ते लागलं. म्हणाला, "बेबी, तिथला नोकरीवर असेल. हा मालक आहे!"

*

दुसऱ्या दिवशी ऊन असं की जीपचा पत्रा भाजत होता. एक सिंहीण सरळ चालत आली आणि आमच्या जीपच्या सावलीत, मागच्या चाकाला टेकून आडवी झाली. जोसेफने ओठांवर बोट ठेवलं. ती उठेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही!

मिलिंदने सकाळपासून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या होत्या. आता खाली उतरायची सोय नाही, त्याचा चेहरा बघवत नव्हता. वैशालीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

आई मात्र खिडकीतून खाली बघत हळूच म्हणाली, "दमली असंल बिचारी. पोरांपासून लपून जरा पाठ टेकली."

तेवढ्यात गवतातून तीन बछडी निघाली, ती थेट जीपकडे.

आई म्हणाली, "झालं! सापडली."

*

आता मिलिंदचं सांगते. आम्ही निघालो त्याच आठवड्यात ऑफिसात माणसं कमी करण्याची घोषणा झाली होती. मिलिंदच्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे सिंगापुरात नोकरी करायच्या परवान्याची, मुदत संपत आलेली. कंपनीने ठेवलं नाही तर घर, इराची शाळा, सगळं आवरून निघायचं. आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

जंगलात रेंज नाही. मिलिंद दिवसभर जीपच्या उघड्या टपातून हात वर काढून फोन आभाळाकडे धरायचा. निरोप घेताना जोसेफने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "सर, पक्ष्यांवर एवढं प्रेम करणारा पाहुणा मी पाहिला नाही!"

आम्ही हसलो. मिलिंद नाही हसला.

झांझिबारच्या हॉटेलात वायफाय फक्त रिसेप्शनवर. आणि आता हा गडी तिकडे जाईना! "नंतर बघू," म्हणत शहाळं हातात घेऊन वाळूत बसून राहिला. शेवटी वैशालीच त्याचा फोन घेऊन गेली. आम्ही कोणी कोणाकडे बघत नव्हतो.

मग ती धावत आली. चपला हातात, ओढणी एकीकडे, आणि आख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडत, "राहतोय! अरे, आपण राहतोय!"

मिलिंद उभा राहिला आणि पुन्हा मटकन खाली बसला. सतीशने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आई सगळ्यांकडे बघत म्हणाली, "राहतोय म्हणजे? हॉटेल तर परवापर्यंतच हाये ना?"

त्या दुपारी मिलिंद झाडाला बांधलेल्या झोळीत असा घोरला की शेजारचं जर्मन जोडपं खुर्च्या उचलून लांब गेलं. घोरू दे म्हटलं, खुशाल घोरू दे!

*

तिथल्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. हे आम्हाला आधी कोण सांगणार?

नाश्त्याला वेटर आला आणि मिलिंदला म्हणाला, "काका, कॉफी?" मिलिंदने लगेच केसांवरून हात फिरवला. मग वैशालीला, "दादा, चाय?" तिने मागे वळून बघितलं. आणि मग आईसमोर अदबीने वाकून, "जांबो, मामा!"

आई मला म्हणाली, "काहून गं, मी याला मामा दिसते?"

जांबो म्हणजे नमस्कार, एवढं मला कळलं होतं. ते सांगितल्यावर आईने हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम."

दुसऱ्या दिवशी तो पोरगा लांबूनच ओरडला, "जय भीम, मामा!"

*

शेवटच्या दिवशी जेवून आम्ही सगळे झोपलो. उठून बघतो तर समोर समुद्र नाही! नुसती ओली वाळू, कलंडलेल्या होड्या आणि लांबवर एक निळी रेघ. सतीश तावातावाने मॅनेजरकडे गेला. "अहो, आम्ही सी-व्ह्यू घेतलाय!"

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "ओहोटी आहे, सर. निघालाय तो परत यायला."

तेवढ्यात वैशालीच्या लक्षात आलं, की आईसुद्धा नाही.

आम्ही वाळूतून धावत सुटलो. मिलिंद सगळ्यांच्या पुढे. पाणी खरंच परत येत होतं, आधी बोटं भिजवत, मग घोटे. खूप लांब काही बायका पाण्यात वाकून समुद्री शेवाळ दोरीला बांधत होत्या, आणि त्यांच्यात एक पोपटी साडी!

आई दोन बायकांचे हात धरून आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, खांद्यावर शेवाळाची माळ. मिलिंद रागावणार होता. त्याने फक्त तिला घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

"अरे, साडी ओली हाये माझी," आई म्हणाली.

सिंगापूरला चांगी विमानतळावर उतरलो तेव्हा इमिग्रेशनच्या काउंटरवर आई माझ्यापुढे होती. ऑफिसरबाईंनी पासपोर्ट चाळत हसून विचारलं, "आंटी, हॉलिडे गुड ऑर नॉट?"

आईने क्षणभर विचार केला. सेम्बावांगच्या बाजारात शिकलेलं सगळं इंग्रजी गोळा केलं आणि म्हणाली, "सी गो. आय गो. बोथ कम बॅक ऑलरेडी!"