मी सांगितलेले सहा आकडे

मोंढा नाक्याजवळ माझं पाईप आणि नळांच्या सामानाचं दुकान आहे. सुरुवातीला मी दुसऱ्याच्या दुकानात पाईप उतरवायचो, मग सायकलवरून नळ विकले, मग हे दुकान टाकलं. दहावी नापास माणूस. तरुणपणी एकदा बँकेत कर्ज मागायला गेलो, तर तिथल्या साहेबानं चार लोकांसमोर विचारलं होतं, "सही येते, का अंगठा?" लोक हसले. तो साहेब केव्हाच रिटायर झाला असेल, पण माझ्या डोक्यातून गेलेला नाही. शिकलेल्या माणसानं मला काही समजावायला घेतलं की माझं डोकं फिरतं. हे सांगतो ते सबब म्हणून नाही. पुढचं कळावं म्हणून.

दुकानात बिलं आणि ऑर्डरी सांभाळायला बिडकीनची एक मुलगी होती. बी.कॉम. झालेली, तीन वर्षं रोज एसटीनं यायची. आमचे गिऱ्हाईक म्हणजे प्लंबर आणि ठेकेदार. ते दुकानाच्या व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो टाकतात, माल काढून ठेवायचा. सगळ्यांचा मिळून एक ग्रुपही आहे.

गेल्या दिवाळीत सुट्टी लागायच्या आधी तिनं काउंटरच्या काचेवर स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला. सुट्टीत दुकानाचा फोन घरी नेला तर अनोळखी लिंक उघडू नये, फोनवर आलेला कोड कोणालाही सांगू नये, अशा चार-पाच ओळी. शिवाय व्हॉट्सॲपला तिनं एक पिन लावून ठेवला होता. तो मधूनच विचारला जायचा आणि मला आठवायचा नाही.

"मॅडम, माझ्याच दुकानाला मलाच कुलूप लावता काय?" असं म्हणून मी तो पिन काढायला लावला. ती म्हणाली, सुट्टीत असले फोन लई येतात शेठ, राहू द्या. मी गिऱ्हाइकांसमोर तो कागद फाडला. तिनं गुपचूप पिन काढला आणि फोन माझ्या हातात दिला.

जावयाचा पहिला दिवाळसण होता. जावई पुण्याला इंजिनिअर. पाडव्याच्या दुपारी आम्ही जेवून बसलो होतो, तेवढ्यात दुकानाच्या फोनवर एक फोन आला. टूर कंपनी, दुकानदारांसाठी दिवाळीची खास योजना, महाबळेश्वरला तीन रात्री. मी स्पीकर लावला. आपला सासरा भाव कसा करतो हे जावयानं बघावं, एवढीच हौस होती. मी त्याला निम्म्यावर आणला. नाश्ता घालून घेतला. जाण्यायेण्याची गाडीही घालून घेतली. तो बिचारा रडकुंडीला आल्यासारखा म्हणाला, "शेठ, तुम्ही तर माझं कमिशनसुद्धा खाल्लं." जावई खो खो हसला. माझी छाती फुगली. तो माणूस म्हणाला, एवढ्या कमी भावाला साहेबांची परवानगी लागते, थोड्या वेळानं परत फोन करतो.

मुलगी आणि जावई दौलताबादला फिरायला निघून गेले. मग त्याचा फोन आला. परवानगी मिळाली, आता तुम्हाला सहा आकडे येतील, ते सांगा म्हणजे भाव पक्का. आले. इंग्रजीत काहीबाही लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. आकडे तेवढे मोठ्यानं वाचले. बायको शेजारी सुपारी कातरत होती, तिनं ऐकले.

माझ्या घासाघिशीला तो हरला नव्हताच. मी जिंकलो असं मला वाटू द्यायचं, एवढंच त्याचं काम होतं.

तासाभरात दुकानाचं व्हॉट्सॲप बंद पडलं. माझ्या दुसऱ्या नंबरवर फोन सुरू झाले. दुकानाच्या नंबरवरून सगळ्यांना निरोप गेला होता की दिवाळीच्या भावात माल येतोय, आजच ॲडव्हान्स पाठवा. लासूर स्टेशनच्या एका प्लंबरनं पैसे पाठवलेसुद्धा. त्याचे मी नंतर भरून दिले. ती माझी मोठेपणाची गोष्ट नाही. पुढं जे केलं ते सांगायचं आहे.

संध्याकाळी जावई परत आला. सगळं ऐकून त्यानं सहज विचारलं, "बाबा, तुम्ही कोणाला कोड सांगितला होता का?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. ते सहा आकडे म्हणजे आमच्या व्हॉट्सॲपचा कोड होता, आणि अडवायला पिनही नव्हता. पण ज्याच्यासमोर दुपारी मिशीला पीळ दिला, त्याला काय सांगणार? मी म्हणालो, "मी कशाला सांगू? तो फोन वर्षभर त्या पोरीच्या हातात असतो. तिनंच कुठंतरी दिला असेल." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "अहो, तुम्हीच तर..." एवढंच ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो.

खोटं बोललो की ते उभं ठेवायला टेकू लागतो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी सकाळीच, जावई समोर असताना, त्या मुलीला फोन लावला. तिच्या घरात पाहुणे होते, मागं आवाज येत होते. मी तोंडाला येईल ते बोललो.

ती म्हणाली, "शेठ, फोन तर तुमच्याजवळ होता."

"मग मी खोटं बोलतो काय?" मी म्हणालो.

पलीकडचे सगळे आवाज थांबले. मी फोन ठेवला. माझा दुसरा नंबरही ग्रुपमध्ये होता, त्यावरून लिहिलं की दुकानातल्या मुलीच्या निष्काळजीपणामुळं नंबर गेला, तिला कामावरून काढलं आहे. ग्रुपमध्ये तीही होती.

पांडवपंचमीला दुकान उघडलं तेव्हा तिचे वडील आले. बिडकीनला शिवणकाम करतात. त्यांनी दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली. आवाज न चढवता सांगितलं की गावाजवळच्या एका कारखान्यात तिचं काम जवळजवळ ठरलं होतं, पण तिथल्या सुपरवायझरला कोणीतरी तुमच्या ग्रुपवरचं दाखवलं आणि तो आता नको म्हणाला. "तिनं केलं असेल तर तसं सांगा," ते म्हणाले. "मी घरी जाऊन तिला विचारीन." मी बिलं बघत बसलो.

बायको त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायची. आठवड्यानं म्हणाली, "आपल्या पोरीला कोणी असं केलं असतं तर?" दुसऱ्या दिवशी मी मिठाईचा पुडा घेऊन बिडकीनला गेलो.

मी तिथंही भावच केला. आधी म्हणालो, परत ये, पगार वाढवतो.

"पगार नको. ज्या ग्रुपवर लिहिलं, तिथंच लिहा."

मी म्हणालो, नंबर हॅक झाला, चूक कोणाचीच नव्हती, असं लिहितो.

"कोणाची तरी होती ना, शेठ."

"बरं, दुकानाकडून चूक झाली, असं लिहू?"

"दुकान म्हटलं की त्यात मी पण येते."

तिचे वडील मशीनवर मान खाली घालून बसले होते. त्यांचा पाय थांबला होता. मी तिथंच बसून लिहिलं की कोड मी स्वतः सांगितला, त्या मुलीनं मला आधीच बजावलं होतं, मी तिच्यावर खोटा आळ घेतला. पाठवण्याआधी फोन तिच्याकडं दिला. तिनं वाचलं, वडिलांनाही वाचायला दिलं. मग मी पाठवलं. ती म्हणाली, "चहा टाकते." परत कामावर ये, हे मला पुन्हा विचारता आलं नाही.

कारखान्यातली ती जागा तोवर भरली होती. तिला दुसरीकडं काम लागायला चार महिने गेले. ते चार महिने ती घरी बसली, ते माझ्यामुळं.

जावई त्या ग्रुपमध्ये नाही. त्याला मी अजून सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.