उतारावर न्यूट्रल

खिंड ओलांडल्यावर पप्पांनी गिअर न्यूट्रलला टाकला, तेव्हा मला वाटलं, चुकून हात लागला. मग आठवलं. वसईत असताना ते नाशिकची भाजी टेम्पोत भरून कसारा घाट उतरायचे, आणि उतारावर डिझेल जाळायचं नाही ही त्यांच्या वेळच्या ड्रायव्हर लोकांची रीत होती. आता आम्ही इकडे परदेशात, एटोबिकोत राहतो, रॉकी पर्वत बघायला आलो होतो, भाड्याची गाडी ऑटोमॅटिक होती. सवय मात्र तीच.

उतार संपेना. वळण आलं की पप्पा ब्रेक दाबून धरायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. हळूहळू जळका वास आत येऊ लागला. मागच्या सीटवर मम्मीची रोझरीची जपमाळ चालली होती, तिचा वेग वाढला.

मी हळूच म्हटलं, गाडी लो गिअरला घ्या. त्यावर पप्पा म्हणाले, सपाट रस्त्यावर लायसन काढलंस, घाट मला शिकवू नकोस. पुढे वाद घालायचा माझा स्वभाव नाही. आणि इथे आल्यापासून बँक, डॉक्टर, फोन, सगळ्यासाठी त्यांना माझ्याकडे यावं लागतं. स्टिअरिंग तेवढं अजून त्यांचं होतं. पण ब्रेक आता पार खालपर्यंत दाबावा लागत होता.

ट्रकवाल्यांना ब्रेक तपासायला थांबता येईल, अशी पुढे जागा असल्याची पाटी दिसली.

"पप्पा, मला वॉशरूमला जायचंय."

"आत्ता?"

"मलाही," मम्मी मागून म्हणाली.

गाडी थांबली ती खडीवर बरीच पुढे जाऊन. तिथे एक ट्रक उभा होता, बाकी नुसता डोंगर. पप्पांनी चहूकडे पाहिलं. आम्ही दोघी जागच्या हललो नव्हतो. ते उतरले, पुढच्या चाकापाशी वाकले. चाकातून पातळ धूर निघत होता. बराच वेळ ते पाठमोरे उभे राहिले, मग माझ्या दाराशी आले.

"खालपर्यंत तू घे," ते म्हणाले. "मला जरा डोंगर बघू दे."

चाकं गार झाल्यावर मी लो गिअरमध्ये निघाले. इंजिन घोंघावत होतं, गाडी ताब्यात होती. पप्पांनी डोंगराकडे एकदाही पाहिलं नाही. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जायचा, मला सुचण्याच्या जरा आधीच. शेवटी शेवटी मी त्या पायाच्या अंदाजानेच ब्रेक लावू लागले.