लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावू नये

अन्याय झाला तो रुआबांध्यातल्या आमच्या शेजारच्या काकांवर, गेल्या भीमजयंतीच्या आदल्या दुपारी ठीक बारा वाजता. आणि तो करणारी कोणती व्यवस्था नव्हती, मी होते. मोर्च्यांची पत्रकं लिहिते मी, आणि पत्रकं लिहिणाऱ्यानं आरोपीचं नाव लपवू नये.

काकांइतका धुळीचा पक्का वैरी साऱ्या भिलाईत सापडायचा नाही. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून हा माणूस फक्त गाण्यांच्या जुन्या रेकॉर्डी पुसतो. पुसताना एप्रिलमध्येही पंखा बंद, कूलर बंद, आणि पाहुण्याला शिंक आली तर त्यानं अंगणात जायचं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, त्यात साबणाचा एक थेंब, स्पिरिटचे चार, आणि काकूंच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. फडकं फिरायचं ते रेघांच्या अंगानं, गोल. मी एकदा आडवं फिरवलं तर म्हणाले, "कावून व पोरी, पेरलेल्या वावरातून आडवं चालते का कोणी?" मग तीच रेकॉर्ड नीट पुसून लावली. मघाशी फोडणीसारखी तडतडणारी बाई आता श्वास ऐकू येईल इतकी जवळ येऊन गायली. जन्मभर मोर्च्यात भोंग्यावर ओरडलेली मी त्या खोलीत पहिल्यांदा गप्प बसले. हे उपकार कोणत्या पत्रकात मांडू?

त्या दुपारी काका आंघोळीला गेले होते. जयंतीच्या सकाळी लावायची रेकॉर्ड टेबलावर होती. प्लांटच्या नोकरीला येण्याआधी त्यांचे वडील नागपूरच्या एका गायनपार्टीत हार्मोनियम वाजवायचे. त्यांचा हात ऐकायची ही रेकॉर्ड तेवढी एकच जागा. म्हटलं, काकांचं काम हलकं करू. फलकांवरची शाई पुसायची माझी स्पिरिटची बाटली काढली आणि चांगलं ओलं करून पुसलं. प्लास्टिकच्या रेकॉर्डीला थोडं स्पिरिट चालतं. ही जुनी, लाखेची. लाख विरघळली. फडकं काळं, रेघा सपाट.

काकांनी ती उजेडात धरली, बराच वेळ. मी म्हटलं, "काका, मले बोला ना काही."

"बोलून रेघा उठतात का व?" म्हणाले, आणि फडकं माझ्या हातात दिलं. "उरलेल्या आता तू पुसत जाय. ज्याच्या हातून एक गेली, त्याचाच हात हलका पडते."

तेव्हापासून मी पुसते. काका डोळे मिटून ऐकतात. रेकॉर्ड संपली तरी तसेच बसून राहतात, अजून एक बाकी असल्यासारखे.

म्हणून तुम्हाला सांगते. त्या रेकॉर्डीच्या प्रती तेव्हा बाजारात विकल्या गेलेल्या, म्हणजे आणखी घरांत गेल्याच असणार. आज माळ्यावरची ट्रंक उघडा. जड, काळी रेकॉर्ड, भीमगीत, गाण्याआधी बराच वेळ एकटी हार्मोनियम. सापडली तर पुसू नका. तशीच, धुळीसकट, रुआबांध्याला घेऊन या.