भरून आलेले डबे

मेलबर्न सोडायच्या आदल्या दुपारी माझ्या दोन मैत्रिणी माझे पाच डबे भरून घेऊन आल्या, तेव्हा मला कळलं की मला कायमचं गावी पाठवताहेत. मुलानं किंवा सुनेनं तोवर तोंड उघडलं नव्हतं.

मी तिथं अकरा वर्षं होते. सुनेच्या बाळंतपणाला गेले, नात झाली, आणि तिला वाढवण्यात राहून गेले. घरामागच्या बागेत एक बाक होता. तिथं एक बाई भेटली. बोलण्यावरून ओळखलं, ही आपल्याकडची. सासर तिचं पिंपळी आणि माहेर शेळगाव. शेळगाव माझं सासर. ती गावची लेक, मी गावची सून. म्हणून ती माझी वन्सं झाली आणि मी तिची वैनी. दुसरी गुजराती होती, तिला आम्ही बेन म्हणायचो.

आम्हा तिघींत डबे फिरायचे. माझी शेंगदाण्याची चटणी जायची, त्याच डब्यातून लाडू नाहीतर ढोकळा यायचा. रिकामा डबा कुणी परत देत नसे. आणि कुणी दोन-तीन महिन्यांसाठी देशात निघाली की तिचे डबे मुद्दाम ठेवून घ्यायचे. डबा अडकवला की माणूस परत येतं, असं बेनचं म्हणणं. वन्सं दोनदा पिंपळीला जाऊन आल्या, दोन्ही वेळा त्यांचा डबा माझ्या ओट्यावर होता.

पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं बारामतीत. तीन महिने जाऊन ये, असं मुलगा म्हणाला. तिकीट त्याच्या फोनमध्ये. मी चौथी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही. आलं असतं तरी पोटच्या पोरानं काढलेलं तिकीट कोण तपासतं?

डबे बघून मी म्हणाले, "वन्सं, हे काय? राहू द्या की तुमच्याकडं. तीन महिन्यांनी मी हाय हितंच."

वन्सं खाली बघायला लागल्या. बेन एकदम रडायलाच लागली.

"रडाया काय झालं? मी मेले का?"

"वैनी," वन्सं म्हणाल्या, "तुमी आता येणार न्हाय. नात मोठी झाली, तिला खोली पायजेल. सुनंनं सांगितलं आमाला."

"कवा?"

"झाला असंल महिना."

"आन् तुमी रोज बाकावर माझ्याशेजारी बसत व्हता."

"तिनं लेकराची शपथ घातली व्हती हो."

"शपथ सुनंची आन् चटणी माझ्या हातची, व्हय?"



त्या महिन्यात वन्संनी चटणीचं माप विचारून घेतलं होतं. अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बेन उठसूट फोटो काढत होती. मला वाटलं, माया वाढली. त्या माझा निरोप घेत होत्या, आणि मी आपली गुडघ्याच्या मलमाबद्दल बोलत बसले होते. नातीच्या शाळेसमोर एक म्हातारा झेंडी धरून पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. सहा वर्षं रोज आम्ही एकमेकांना मान हलवली. त्याला सांगून यावं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा बंद.

मुलाला विचारलं. म्हणाला, "आई, आधी सांगितलं असतं तर तू निघाली असतीस का?" नसते निघाले. ते खरं आहे. पण त्याच्याशी भांडण सोपं आहे, त्याला शिव्या देता येतात. मैत्रिणींना काय म्हणायचं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही. सकाळी वन्सं गाडीपाशी आल्या. मी काच खाली केली नाही.

शेळगावात पोचले तर घराला रंग दिलेला, मोरीत कमोड बसवलेला, पंखे नवे. म्हणजे इथंही सगळ्यांना ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी वन्संचा फोन आला.

"वैनी, राग सोडा आता. किती दिवस धरायचा?"

"राग न्हाय. निरोप घ्यायचा राहिलाय, तो घेते. तुमी मला ट्राममधी बसाया शिकवलं. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा बारा दिवस भाकरी आणली. तुमी नसता तर मी पहिल्या वर्षीच पळून आले असते. ते मी विसरायची न्हाय."

"आवं मग झालं की! दिवाळीत मी येतेच हाय, तवा..."

"माहेरी खुशाल या. माझ्या दारात येऊ नका. आन् फोन करू नका."

"वैनी, असं तोंडावर बोलतंय व्हय कुणी?"

"तोंडावरच बोलायचं असतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी नंतर दोनदा केला. मी उचलला नाही.