कमळाकर फर्ड्यांचा कीबोर्ड

कमळाकर फर्डे हा माणूस मला आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे त्याच्याबद्दल चार बरे शब्द आले तर ते मैत्रीपोटी आले असं कुणाला वाटायला नको.

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा टायपिंगचा क्लास. अठरा मशिनं, सगळी जुनी आणि सगळी चालू. मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांच्या परीक्षेला बसणारी पोरं शेणवा, किन्हवलीपासून यायची आणि सकाळी सातलाच गल्लीत खडखडाट सुरू व्हायचा. २००४ साली समोरच्या गाळ्यात कमळाकरने संगणकाची पाटी लावली आणि माझी निम्मी पोरं रस्ता ओलांडून गेली. तेव्हापासून मी त्याच्यावर खार खाऊन होतो.

तो मुरबाडकडचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेले सहा संगणक त्याने टेम्पोत घालून शहापूरला आणले. त्यांवर नवं विंडोज चालेना. कुठल्याशा मासिकाबरोबर त्याला विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सची सीडी मिळाली, ती त्याने घातली आणि सहाही डबडी चालू झाली. त्या दिवसापासून हा गृहस्थ कामातून गेला. येईल त्याला तो लिनक्स समजावून सांगू लागला. दुधवाल्यालाही सांगितलं.

मुरबाडकडच्या धसईच्या बाजारात तो भाताच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर संगणक मांडून बसायचा. शेतकऱ्यांना म्हणायचा, विंडोज म्हणजे दुकानातलं बियाणं, दरवर्षी विकत घ्या, शेजाऱ्याला दिलंत तर चोर. लिनक्स म्हणजे आपल्या कणगीतलं. पेरा, राखा, पाहिजे त्याला पायलीभर द्या, कुणी विचारणार नाही. लोक माना डोलवायचे. परदेशातून त्याच्याकडे पोस्टाने फुकट सीड्या यायच्या, त्या तो वाटायचा. पुढच्या महिन्यात पाहावं तर त्या सीड्या काकडीच्या मांडवावर पाखरं उडवायला लटकलेल्या. त्याची बायको सरस्वती ब्लाउज शिवून घर चालवायची. ती एकदा मला म्हणाली की आमच्याकडच्या सीडीला पाखरंसुद्धा चांगली घाबरतात, एवढा तरी उपयोग झाला. मी हसलो. ती हसली नव्हती.

मला त्याचा राग यायचा तो त्याच्या हट्टाचा. सगळं शहापूर चोरीचं विंडोज वापरत होतं, मीसुद्धा. तो मात्र त्याला शिवायचा नाही. पालक म्हणायचे, नोकरीत विंडोज लागतं, तेच शिकवा. हा म्हणायचा, चोरीच्या मालावर मी पोरांना शिकवणार नाही. दीड वर्षात माझी पोरं माझ्याकडे परत आली आणि त्याच्याकडे उरली ती फी न परवडणारी. त्यांच्याकडून तो काही घेत नसे. अक्षदा त्यांतलीच एक.

अक्षदा शेणव्याची. धसईला दिलेली. नवरा दारू पिऊन मारायचा आणि एकदा त्याने तिला विहिरीच्या काठाला नेऊन आत वाकवून धरलं, तेव्हा ती नेसत्या लुगड्यानिशी माहेरी आली. भाऊ साईनाथने तिला ठेवून घेतलं, पण त्याची स्वतःची दोन पोरं आणि बायको. सासरच्यांनी बैठक बसवली. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं जमली आणि ठरलं ते असं, की दिवाळीपर्यंत पोरीला नोकरी लागली तर तिने आपलं आपण राहावं, नाही लागली तर मुकाट सासरी जावं. साईनाथने त्याला मान तुकवली. हे २००६ सालच्या मे महिन्यात झालं आणि जूनमध्ये जाहिरात आली. ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी टंकलेखक हवे होते, संगणकावर मराठी टंकलेखनाची चाचणी होती आणि वयाची अट अठ्ठावीस. अक्षदाला जानेवारीत अठ्ठावीस पुरी होत होती.

ती आधी माझ्या दारात आली होती. मी फी सांगितली. ती बरं म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

त्या वर्षी भारनियमनाने जीव नको केला होता. दिवसाचे आठ-आठ तास वीज नसायची. माझ्या मशिनांना विजेचं काय, माझा क्लास चालू आणि कमळाकरचा बंद, म्हणून मी जरा खुशीत असायचो. जुलैत एकदा दुपारी मी सहज रस्ता ओलांडून आत डोकावलो. संगणकांचे पडदे काळे, पंखा बंद, आणि अक्षदा मेलेल्या संगणकापुढे ताठ बसून कीबोर्ड बडवत होती. कमळाकर शेजारी उभा राहून वर्तमानपत्र वाचून दाखवत होता आणि तिच्या बोटांकडे पाहत होता. कुठलं बोट चुकलं ते तो पडद्याशिवाय सांगत होता. पोरीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात थांबत नव्हता. असं शिकणारी माझ्याकडे वीस वर्षांत दोन झाली असतील.

मीही बोटांकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की बोटं भलत्याच जागी पडताहेत.

टाइपरायटरचा मराठी कीबोर्ड वेगळा आणि कमळाकर शिकवत होता तो वेगळा. त्याच्यात स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिकायला सोपा, हे मी कबूल करतो. माझ्याकडे जे सहा महिन्यांत येतं ते त्या पोरीला सहा आठवड्यांत आलं होतं. पण एकाचा हात बसला की दुसऱ्यावर माणूस पांगळा. मी कमळाकरला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की कचेऱ्यांतल्या चाचण्या अजून टाइपरायटरच्याच कीबोर्डवर होतात, संगणक नवा असला तरी आतली अक्षरांची बसवणूक तीच.

तो आत जाऊन कागद घेऊन आला. दिल्लीचा कागद, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. सरकारने स्वतः प्रमाण म्हणून ठरवलेला कीबोर्ड हाच, असं त्यात होतं. खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, कागद दिल्लीचा आहे आणि चाचणी ठाण्याची. मग मी त्याच्याच शस्त्राने त्याला घेरलं. तुझं हे लिनक्स कुणालाही बदलता येतं असं गावभर सांगत फिरतोस ना, मग बदल आणि माझा कीबोर्ड बसव त्यात, पोरगी दोन्ही शिकेल.

"मास्तर," तो म्हणाला, "बदलता येतं म्हणून चुकीचं बसवायचं का? एकदा बसवला की पुन्हा सगळे तोच धरून बसतील. कुणीतरी थांबवायला नको?"

त्याने ठाण्याला रजिस्टर पत्र घातलं की चाचणी कोणत्या कीबोर्डवर ते कळवावं. पोचपावती आली. उत्तर आलं नाही. मी रोज विचारायचो आणि तो रोज म्हणायचा, येईल.

आता माझी गोष्ट. ऑगस्टमध्ये अक्षदा माझ्या दारात उभी राहिली. सरावाला जुन्या परीक्षांचे उतारे मिळतील का, असं विचारत होती. म्हणाली, फर्डे सर म्हणतात माझा हात बसला. तिचा चेहरा त्या दिवशी उजळ होता, खोली पाहून ठेवलीय असंही सांगत होती. माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं, की चाचणीचा कीबोर्ड वेगळा असतो, तो शिक. कपाट उघडलं, उताऱ्यांचं पुस्तक काढलं, तिच्या हातात दिलं आणि गप्प बसलो. मनात म्हटलं, त्याची विद्यार्थिनी, तो बघून घेईल. एकदा तोंडघशी पडू दे, म्हणजे उतरेल डोक्यातलं. असं मी म्हटलं मनात. दुसरं काही म्हटलं असं आज सांगितलं तर ते खोटं होईल.

गणपती झाल्यावर चाचणी झाली. कमळाकर तिच्याबरोबर ठाण्याला गेला होता. पुढचं त्याच्याकडून मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. दहा मिनिटांचा वेळ होता. तिने हात ठेवला आणि पहिल्या शब्दालाच भलतीच अक्षरं उमटली. तिला वाटलं यंत्र बिघडलं. हात वर केला. देखरेखीच्या बाईंनी येऊन पाहिलं, म्हणाल्या, बरोबर आहे, सगळ्यांना हाच आहे. मग तिने एकेक कळ दाबून अक्षरं शोधायला सुरुवात केली. दहा मिनिटांत दोन ओळी झाल्या. शेजारची मुलगी तिसऱ्या परिच्छेदावर होती. बाहेर आल्यावर तिने कमळाकरला एवढंच सांगितलं की तो आपला कीबोर्ड नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो माझ्या क्लासात आला, वही आणि पेन घेऊन. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. सहा नंबरच्या मशिनवर बसला आणि एकेक कळ दाबून कुठं काय उमटतं ते लिहू लागला. माझी पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. मी त्यांना दटावलं आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. जोडाक्षरं कशी पडतात, रफार कधी मारायचा, ते सांगत गेलो. तो मान खाली घालून लिहीत होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला समोर बोलावलं. त्याच्या लिनक्सवर माझा कीबोर्ड चालत होता. मी उभ्याउभ्या एक परिच्छेद मारला, एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. तो म्हणाला, डिसेंबरात आणखी एका ठिकाणी चाचणी आहे, वय बसतंय, साईनाथला दिवाळीनंतर दोन महिने थांबायला सांगू. एकट्याने जायची त्याला हिंमत नव्हती. मी निघालो.

आम्ही सकाळच्या गाडीने शेणव्याला उतरलो तेव्हा साईनाथच्या दारात जीप उभी होती. अक्षदा चाचणीत नापास झाल्याची बातमी धसईला पोचायला एक बाजारचा दिवस पुरला होता. दिवाळी अजून महिनाभर लांब, पण सासरचे लोक ओटीवर बसून चहा पीत होते. कमळाकरने साईनाथला बाजूला घेतलं, हात जोडले, दोन महिने मागितले. साईनाथ वाईट माणूस नव्हता. त्याला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून तो गोठ्याकडे तोंड करून बोलत होता.

"सर, चार मानसांत शब्द दिलाय मी," तो म्हणाला. "तुमी व्हता ना तिला शिकवायला. मग?"

अक्षदा पिशवी घेऊन बाहेर आली. आम्हाला पाहून थांबली. कमळाकर तिच्याजवळ गेला आणि घाईघाईने सांगू लागला की तो कीबोर्ड आता आपल्याकडे चालतो, चार दिवसांत बसवला, आता सराव केला तर डिसेंबरपर्यंत नक्की हात बसेल. ती ऐकत होती. जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"चार दिवसांचंच काम व्हतं, सर?" तिने विचारलं.

"हो," कमळाकर म्हणाला.

ती रागावली नाही. मान हलवली, जणू उताऱ्यातलं एखादं चुकलेलं अक्षर त्याने दाखवून दिलं होतं. मग तिने पिशवीतून माझं उताऱ्यांचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं, म्हणाली राहून गेलं असतं, आणि जीपमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसली. जीप मुरबाडच्या रस्त्याला लागली. कमळाकर रस्त्यातच खाली बसला.

त्याला निदान चार दिवस लागले असते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं आणि ती ते ऐकायला माझ्या दारात उभी होती.