डोप आणि ड्यूप

नवरा गेल्यापासून काकूंना कशाचं काही वाटेनासं झालं होतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान. चेन बदलायची, पँट आखूड करायची. हात चालायचे, मन थाऱ्यावर नसायचं.

लेकीनं मोबाइलवर एका महागड्या कोटाचा फोटो दाखवला. "आई, असा शिवशील? ऑफिसच्या कार्यक्रमाला हवाय."

"बघू," काकू म्हणाल्या. पण शिवायला बसल्या तेव्हा कॉलर काही मनासारखी बसेना. लेकीची मान आखूड. दोनदा उसवून त्यांनी ती स्वतःच्या अंदाजानं थोडी खाली उतरवली.

कार्यक्रमाच्या दिवशी मैत्रिणी घरी जमल्या. काकू आत चहा गाळत होत्या.

"कसला भारी कोट गं! कुठून घेतलास?"

"अगं, ड्यूप आहे. आईनं शिवलाय."

काकूंना ऐकू आलं, डोप. डोप म्हणजे एकदम झकास, हे लेकीनंच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. बऱ्याच दिवसांनी त्यांना आत कुठंतरी बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक मैत्रीण दुकानात आली. "काकू, मलाही तस्सा कोट हवा."

"डोप कोट ना?" काकू ऐटीत म्हणाल्या.

पोरगी खळखळून हसली. "डोप नाही हो, ड्यूप! म्हणजे ब्रँडेड मालाची स्वस्तातली नक्कल." मग एकदम ओशाळली. "तुमचा डोपपण आहे, काकू."

काकूंनी टेप काढून तिच्या खांद्याचं माप घेतलं. आता वाईट वाटेल, आता वाटेल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. काहीच वाटलं नाही.

लेकीला मैत्रिणीकडून सगळं कळलं होतं. संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "रागावलीस? हल्ली ड्यूप म्हणणं म्हणजे कौतुकच असतं गं."

"असेल."

"कॉलर तू बदललीस ना? मला तेव्हाच कळलं. छान दिसते."

काकूंचा घास हातातच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं बोलतेस हल्ली?"

काकूंनी तिला भात वाढला.

तसे कोट नंतर बरेच शिवून झाले. लेक आता ऑफिस सुटलं की दुकानात येऊन बसते. फारसं बोलणं होत नाही. मशीन चालू असतं.