दोन बिड्यांचा अंधार

तायडेकाका अंधार बिड्यांत मोजत. चिखलीला बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दिवसा तिथे नवरा-नवरी, पावडर थापलेली बाळं आणि नोकरीच्या अर्जावर चिकटवायचे चेहरे यांचे फोटो निघत. अमावास्या जवळ आली की काका मोठा लाकडी कॅमेरा आणि तिपाई घेऊन माळावर जात. भिंगावरची टोपी काढायची, कॅमेऱ्याकडे पाठ करून बिडी पेटवायची, आणि ती संपली की टोपी परत लावायची. चंद्रकोर असली तर अर्धी बिडी, नसली तर दोन. "घड्याळ पाह्याले उजेड लागते," ते म्हणत, "बिडीले नाही लागत."

मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून नुकतीच घरी आले होते. बाबा चिखलीला डॉक्टर होते. मला इंग्रजीत निबंध लिहिता येई, पण दुकानात साखर मागायची तर मी नुसतं बोट दाखवे. बाबांचा जुना बॉक्स कॅमेरा घेऊन मी टेकड्या, बाभळी, कापणी झालेली शेतं टिपत असे. माझा पहिला रोल धुऊन काकांनी फोटो दोरीवर टांगले आणि ओळीने पाहिले.

"काऊन वं मिसबाई, पटकी येऊन गेली का तिकडं? एक माणूस दिसून नाही राह्यला."

माणसाचा फोटो काढायचा तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते बहुधा कळलं. "उद्यापासून अंधारखोलीत येत जा," ते म्हणाले. "तिथं बोला नाही लागत. मी बोलतो."

ते खरंच अखंड बोलत. फोटो चांगला आला तर त्यांचं कसब, बिघडला तर हवेचा दोष. लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू माळ उमटू लागला की मात्र त्यांचा आवाज खाली येई. "पाह्य. अंधार रिकामा नसते. आपणच घाईत राह्यतो." रात्रीच्या फोटोचा त्यांचा एकच कडक नियम होता. टोपी काढलेली असताना समोरून कोणी कंदील घेऊन आलं, तर तो जाईपर्यंत भिंग झाकायचं. चालता उजेड कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर ओरखडा पाडतो.

पुढच्याच वर्षी त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली जायची वेळ आली. अर्ध्या लोकांनी कौलं, वासे, दारं काढून नव्या गावठाणात नेली होती. दिवसा पाहिलं तर गाव सोलून काढल्यासारखं दिसे. काका म्हणाले, "दिवसा नाही काढत मी त्याचा फोटो. रातच्याले काढतो. दारोदार कंदील ठेवले का गाव भरलेलं दिसते." बाबांना त्या गावात रोगी पाहायचे होते, म्हणून मलाही परवानगी मिळाली.

आम्ही गावात पोचलो तेव्हा पाटील ओट्यावर बसले होते. "तायड्या, देवळाच्या टेकडीवरून घे बे. देऊळ, पार, चावडी, समदं येते."

"येते ना पाटील. नाल्यापलीकडचं नाही येत."

नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती होती. काकांचं घर तिथलं.

"मंग कुठून घेतं?"

"त्या लांबच्या उंच बरड्यावरून."

"तितून काय दिसन? ठिपके!"

"ठिपके तं ठिपके. पण सारे."

पाटलांनी तोंड वाकडं केलं, पण कोतवालाला दवंडी द्यायला त्यांनीच सांगितलं. दिवेलागणीला दारात कंदील ठेवा, जेवणं होईपर्यंत हलवू नका; घर रिकामं झालं असेल तर शेजाऱ्याने ठेवा. सकाळी उरलेलं सामान न्यायला ट्रक येणार होते. काकांनी दोन प्लेटा आणल्या होत्या, त्यातली एक एसटीच्या धक्क्यांनी फुटली. म्हणजे फोटो एकच.

बरड्यावर अंधार पडला आणि खाली एकेक दिवा उगवला. काकांनी टोपी काढली, पाठ फिरवून बिडी पेटवली आणि मान वळवून गावाकडे पाहू लागले. अचानक त्यांनी बिडी पायाखाली चुरडली.

"माह्यंच घर अंधारात हाय!"

त्या घरात राहणारा त्यांचा भाऊ आठवड्यापूर्वीच नव्या गावठाणात राहायला गेला होता. काका स्वतः आलेत, तर आपल्या दारात तेच कंदील ठेवतील, असं शेजाऱ्यांनी धरलं. काकांनी धरलं, शेजारी ठेवतील. सगळ्या गावाला बजावणाऱ्या माणसाचं घर तेवढं राहिलं.

"मी जातो," ते आमचा कंदील पेटवत म्हणाले. "माह्या कंदिलावर ध्यान ठेव. टोपी लावून टाक. मी दारात कंदील ठेवला का काढजो. समजलं ना?"

मी मान हलवली. ते उतरू लागले. कंदील बाभळींआड लपे, पुन्हा दिसे. मी टोपी हातात धरून उभी होते. त्या उताराने ते लहानपणापासून हजारदा घरी गेले असतील, आणि उद्यापासून तिकडे घर नसणार. मी टोपी लावली नाही. नाल्याशी कंदील थोडा थांबला, मग वर चढला आणि एका जागी स्थिर झाला. मी बराच वेळ तसाच जाऊ दिला आणि मग भिंग झाकलं.

अंधारखोलीत कागदावर सगळे दिवे उमटले, जरा फुगलेले. आणि खालच्या कडेपासून नाल्यापलीकडच्या शेवटच्या ठिपक्यापर्यंत एक तुटक पांढरी रेघ.

"टोपी काऊन नाही लावली वं?"

"तुम्ही जात होता," मी म्हणाले.

काकांनी कागद चिमट्याने उचलून पाण्यात घातला आणि नळ सोडला.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. बिड्यांनीच नेलं, असं बाबा म्हणतात. त्याआधी तो मोठा केलेला फोटो नव्या गावठाणातल्या शाळेत लावला, त्या दिवशी मी काकांसोबत होते. पाटलांसह सगळे त्याच्यापुढे गर्दी करून होते. ठिपक्यावर बोट ठेवून भांडत होते. "हे आमचं." "काऊन तुमचं? तुमचं पाराच्या अंगाले." नाल्यापलीकडचेही आपापले दिवे दाखवत होते. एका म्हातारीने रेघेवरून बोट फिरवत विचारलं, "तायडेभाऊ, हे काय हो? खराबी झाली का फोटोत?"

मला वाटलं, आता हवेचा दोष निघणार.

"नाही माय," काका म्हणाले. "तो मी हाय. घरी जाऊन राह्यलो."